पडद्यावरची सात पावलं आणि मांडवातली: लग्न नेमकं कधी लागतं?

मागच्या रविवारी मोठ्या मावशीला सिनेमाला नेलं. लग्नाचाच सिनेमा होता. दोन घरं, रुसलेली आत्या, देण्याघेण्यावरून उकरून काढलेलं जुनं भांडण, मुहूर्त टळतोय म्हणून घामाघूम झालेला मुलीचा बाप आणि शेवटी सगळ्यांचे डोळे ओले करून लागलेलं लग्न. मावशी पोटभर हसली, दोनदा डोळ्यांना पदर लावला. परतताना रिक्षात मात्र ती गप्पच होती. रामवाडीच्या पुलावर आल्यावर एकदम म्हणाली, "अगं, त्या दोघांनी होमापुढे सात पावलं टाकली. गुरुजी खरे वाटत होते, मंत्र तर आपल्याकडचेच. मग त्या मुलीचं त्या मुलाशी लग्नच लागलं की! आणि तिचं खरं लग्न आधीच झालेलं असेल तर?"

मी कौटुंबिक वादांची वकील. "तसं नसतं गं" एवढं म्हणून मला तिथेच मोकळं होता आलं असतं. पण मावशीचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. माझ्या टेबलापलीकडे बसणारी माणसं याच प्रश्नाची दुसरी बाजू घेऊन येतात. हार घातले, फोटो काढले, सर्टिफिकेटही मिळालं. मग आमचं लग्न झालंय ना, मॅडम? सिनेमातलं लग्न खरं का नाही हे एकदा नीट उमगलं, की आपलं लग्न कशामुळे खरं ठरतं हेही उमगतं. त्या रात्री मावशीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

## अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं?

आपल्याकडे कुणालाही विचारा, लग्न कधी लागतं? उत्तर ठरलेलं आहे. शेवटचं मंगलाष्टक संपतं, 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' म्हटलं जातं, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री वाजते, अक्षता पडतात, तेव्हा. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं असं जे छापलेलं असतं ते याच क्षणासाठी. सिनेमातही अनेकदा इथेच संगीत टिपेला जातं आणि आपणही मनातल्या मनात अक्षता टाकतो.

कायदा मात्र या क्षणापाशी थांबत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा, १८ मे १९५५ पासून लागू झालेला. त्याचं सातवं कलम अगदी छोटं आहे. पहिला भाग सांगतो की वर किंवा वधू, दोघांपैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे आणि विधींप्रमाणे लग्न लावता येतं. दुसरा भाग सांगतो की त्या विधींमध्ये सप्तपदी असेल, म्हणजे वधूवरांनी अग्नीसमोर मिळून सात पावलं टाकायची असतील, तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो.

म्हणजे सहाव्या पावलापर्यंत लग्न 'लागत' असतं, सातव्याला 'लागलेलं' असतं.

जमिनीच्या व्यवहाराशी ताडून पाहा. दिंडोरीकडची दोन एकर द्राक्षबाग घ्यायची ठरली. बोलणी झाली, भाव ठरला, इसार दिला, पेढेही वाटले. गावात सगळे म्हणायला लागले की बाग अमक्यांनी घेतली. तरी खरेदीखतावर सह्या होऊन त्याची नोंदणी होईपर्यंत बाग मूळ मालकाचीच असते. साखरपुडा हा इसार आणि सप्तपदी हे खरेदीखत असं समजा. मुहूर्त, मंगळसूत्र, कुंकू, वरात, विहिणींची पंगत यांतलं काहीही कलम सातमध्ये नावानिशी सांगितलेलं नाही. ज्या समाजात मंगळसूत्र बांधणं हाच मुख्य विधी आहे तिथे तो रूढी म्हणून धरला जाईल, इतकंच. अक्षतांचं मोल मी कमी करत नाही. शेकडो माणसं एका क्षणी एकाच जोडप्याकडे बघत असतात, ही साक्ष पुढे कोर्टात फार उपयोगी पडते. पण ती साक्ष झाली, लग्न नव्हे.

## जेवणाच्या रांगेत हुकणारा क्षण

छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या एखाद्या लॉन्सवरचं आपल्याकडचं लग्न डोळ्यांपुढे आणा. अक्षता पडल्या की पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या होतात. निम्मी माणसं जेवणाच्या रांगेत, निम्मी स्टेजवर पाकीट देऊन फोटो काढायला. बऱ्याच लग्नांत सप्तपदी होते ती त्यानंतर, बाजूच्या छोट्या मांडवात, धुरात. तिथे असतात गुरुजी, मुलीचे आईवडील, भावाच्या हातात लाह्यांचं सूप, पेंगुळलेली एखादी करवली आणि दोन-तीन म्हातारी माणसं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मी मुद्दाम तिथे बसून राहिले. पाटाशेजारी तांदळाच्या सात छोट्या राशी मांडल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक सुपारी. नवऱ्याने तिचा हात धरला होता. येवल्याची जड पैठणी एका हाताने किंचित उचलून तिने उजवं पाऊल पहिल्या राशीवर ठेवलं. गुरुजी म्हणाले, "इष एकपदी भव." अन्नासाठी पहिलं पाऊल. मग बळासाठी, संपत्तीसाठी, सुखासाठी, संततीसाठी, ऋतूंसाठी. सातव्या राशीपाशी आल्यावर "सखा सप्तपदी भव", म्हणजे सातव्या पावलाला तू माझी सखी हो. इतक्या देण्याघेण्याच्या, मानापमानाच्या गोंधळात हा शेवटचा शब्द मैत्रीचा आहे, हे मला दरवेळी नव्याने जाणवतं. फोटोग्राफरने त्याच वेळी हाक मारली, "ताई, मामांची फॅमिली थांबलीय, जरा पटकन स्टेजवर." तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये दोनशेवर फोटो आहेत. सातव्या पावलाचा एकही नाही.

## फेरे वेगळे, पावलं वेगळी

हिंदी सिनेमांनी आपल्या डोक्यात एक गफलत करून ठेवली आहे. तिथे 'सात फेरे' असतात, म्हणजे अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा. आपल्याकडे लाजाहोमाच्या वेळी अग्नीला प्रदक्षिणा घालतात, पण सप्तपदी हा त्याहून निराळा विधी. त्यात सात पावलं असतात, चकरा नव्हेत. कलम सातच्या दुसऱ्या भागातले शब्दही सात पावलांचेच आहेत. ज्यांच्याकडे फेऱ्यांची रूढी आहे त्यांचं लग्न फेऱ्यांनी लागतं, त्याला काहीच हरकत नाही. हल्ली मात्र काही मराठी लग्नांत सिनेमासारखं दिसावं म्हणून फेरे घेतात आणि वेळ नाही म्हणून तांदळाच्या राशी गाळतात. तसं करू नका. रोषणाई गाळा, फुलांचा गालिचा गाळा, ही सात पावलं गाळू नका.

## मग पडद्यावरच्या सप्तपदीचं काय?

आता मावशीचा प्रश्न. विधी पूर्ण झाले, तर लग्न का नाही झालं?

कारण लग्नाला दोन चाकं लागतात. एक विधीचं, दुसरं संमतीचं. विधी बाहेरून दिसतो. संमती म्हणजे 'मी, अमुक नावाचं खरं माणूस, या खऱ्या माणसाला जोडीदार म्हणून स्वीकारतो' हा होकार. कायद्याच्या पाचव्या कलमात लग्नाच्या अटी आहेत. दोघांपैकी कुणाचाही नवरा किंवा बायको हयात नसावी, संमती देण्याइतकी मनाची स्थिती ठीक असावी, मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची पूर्ण असावी, जवळचं नातं नसावं. जबरदस्तीने किंवा फसवून मिळवलेल्या होकारावर उभं राहिलेलं लग्न कलम १२ खाली कोर्टातून रद्द करून घेता येतं. म्हणजे होकार खोटा असेल तर विधी यथासांग होऊनही लग्न डळमळतं. सेटवर तर होकार मागितलाच जात नाही. नटीने होकार दिलेला असतो तो ती भूमिका करायला. 'स्वीकारते' म्हणते ती कथेतली मुलगी, आणि तिला जन्मदाखला नाही, वय नाही, पत्ता नाही. जी माणसं अस्तित्वातच नाहीत त्यांचं लग्न कायदा कसं लावणार?

नाशिककराला हे सगळ्यात सोपं जावं, कारण आपल्याकडे हा धडा सिनेमाच्या जन्माबरोबरच मिळालेला आहे. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरी जन्मले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लोकांपुढे आला आणि पुढे त्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं. त्या पहिल्या चित्रपटात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच अण्णांनी केल्या. पडद्यावर नवरा आणि बायको दिसत होते, प्रेक्षक हात जोडत होते आणि प्रत्यक्षात ते एकच माणूस होतं. हे मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे डोळ्यांना दिसलं ते झालं, असं नाही." अगदी बरोबर.

आणखी एक गोष्ट. पडद्यावरचं लग्न एका दमात होतच नाही. अंतरपाट एका दिवशी, सप्तपदी भलत्याच दिवशी. पाचवं पाऊल आधी, पहिलं नंतर. चेहरा नटीचा आणि तांदळाच्या राशीवरचं पाऊल जवळून दाखवायचं तर ते कधी दुसऱ्याच मुलीचं. ते तुकडे जोडून लग्न तयार होतं ते एडिटिंगच्या टेबलावर.

## "पण गुरुजी खरे होते, मंत्र खरे होते!"

ही हरकत मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिच्यामागे मंत्रांवरचा विश्वास आहे. मंत्र म्हटला की त्याचं फळ मिळणारच, असं मानणाऱ्यांना सेटवरचं लग्न खटकणं स्वाभाविक आहे. त्या श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. कायद्याचं उत्तर मात्र स्पष्ट आहे, आणि ते एका फौजदारी कलमातून फार छान दिसतं.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ८३ मध्ये (जुन्या दंडसंहितेत ते ४९६ होतं) असं म्हटलंय की यातून कायदेशीर लग्न होत नाही हे माहीत असूनही जो अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या इराद्याने लग्नाचे विधी पार पाडतो, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे विधी होऊनही लग्न न होणं शक्य आहे, हे कायद्याने स्वतःच मान्य केलंय. सेटवरच्या आणि मांडवातल्या खोट्या लग्नात फरक आहे तो फसवणुकीचा. सेटवर नटाला ठाऊक असतं, नटीला ठाऊक असतं, गुरुजींना ठाऊक असतं आणि तिकीट काढून बसलेल्या तुम्हाआम्हालाही ठाऊक असतं. कुणाचीच फसवणूक होत नाही. एखाद्या मुलीला खरं लग्न म्हणून उभं करून हाच प्रकार केला, तर ते नाटक राहत नाही, गुन्हा होतो.

मावशीच्या प्रश्नाचा दुसरा भाग यातच सुटतो. पडद्यावरचं लग्न खरं धरलं असतं, तर संसारी नट-नट्या प्रत्येक सिनेमागणिक दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यात सापडल्या असत्या.

## "मग उद्या कुणीही म्हणेल, मी नाटकच केलं होतं"

हा धोका खरा आहे आणि बायका तो फार लवकर ओळखतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या नवऱ्यांचं पहिलं वाक्य हेच असतं की 'लग्न झालंच नाही, घरच्यांसाठी नुसतं काहीतरी केलं.'

मनात काय होतं हे कोर्टाला उघडून पाहता येत नाही. म्हणून कोर्ट वागणं पाहतं. पत्रिका छापल्या का, नातेवाईक जमले का, पुढे एका घरात राहिले का, रेशनकार्डावर, बँकेत, मुलांच्या शाळेत पती-पत्नी म्हणून नावं लावली का. एखादी गोष्ट सहसा जशी घडते तशीच ती घडली असेल असं धरून चालण्याची कोर्टाला मुभा असते. तिला कायद्याच्या भाषेत 'अनुमान' म्हणतात. नवराबायको म्हणून दीर्घकाळ उघडपणे एकत्र राहिलेल्यांचं लग्न झालेलं आहे असं अनुमान काढलं जातं आणि ते खोडून काढायची जबाबदारी 'झालं नाही' म्हणणाऱ्यावर येते.

१९७८ साली असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. जमिनीच्या वादातून निघालेलं, जवळपास पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तेव्हा म्हटलं की अर्ध्या शतकानंतर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणून लग्न सिद्ध करायला लावलं, तर फार थोड्यांना ते जमेल. मला हा निकाल फार माणुसकीचा वाटतो. गुरुजी गेले, मामा गेले, मांडव घालणारा गेला. उरतो तो संसार, आणि तोच पुरावा.

नट-नटींच्या बाबतीत हे अनुमान उभंच राहत नाही. शूटिंग संपलं की दोघं आपापल्या घरी जातात.

## सर्टिफिकेट आहे, मग चिंता कशाला?

इथे दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी फार घोळ घातला आहे. 'रजिस्टर लग्न' आणि 'लग्नाचं रजिस्ट्रेशन'.

रजिस्टर लग्न होतं ते विशेष विवाह कायदा, १९५४ खाली. जात, धर्म काहीही असो, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, आणि मग तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं बोलून सह्या करायच्या. तिथे सप्तपदी लागत नाही. ते बोलणं हाच विधी.

लग्नाचं रजिस्ट्रेशन म्हणजे आधीच लागलेल्या लग्नाची नोंद. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ती ९० दिवसांत करायची असते. 'नमुना ड' भरायचा, वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे पुरोहित यांच्या सह्या, सोबत कागदपत्रं. नाशिक शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयांत हे काम होतं. ही नोंद जन्माच्या नोंदीसारखी आहे. दाखल्यामुळे बाळ जन्माला येत नाही, ते जन्मलंय म्हणून दाखला मिळतो. उलट बाजूने, नोंद केली नाही म्हणून झालेलं हिंदू लग्न बाद होत नाही. हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय.

हा फरक न कळल्याने काय होतं ते एप्रिल २०२४ मध्ये दिसलं. एका जोडप्याने कुठलाही विधी न करता एका संस्थेचं लग्नाचं प्रमाणपत्र मिळवलं, त्यावर नोंदणीही केली आणि खरा समारंभ पुढे करायचं ठरवलं. मध्येच बिनसलं, घटस्फोटाचा अर्ज झाला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सांगितलं की विधीच झाले नाहीत, तर हे लग्नच नाही. आणि लग्नच नाही, तर घटस्फोट कशाचा? हिंदू लग्न हा नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, हेही याच निकालातलं.

व्हिसासाठी, घराच्या कर्जासाठी 'आधी कागद करून ठेवू, लग्न दिवाळीनंतर लावू' असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. हा सल्ला ऐकू नका. घाई असेल तर विशेष विवाह कायद्याखाली रीतसर लग्न करा आणि समारंभ सावकाश करा. ते पक्कं लग्न असतं.

## "आमच्यात सप्तपदी नसते. मग आमचं लग्न लग्न नाही?"

हा प्रश्न दरवेळी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दुखावलेपण असतं. कलम सातचा पहिला भाग तुमच्यासाठीच आहे. सप्तपदीची अट फक्त जिथे ती रूढीत आहे तिथे.

महात्मा फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवायचा पहिला सत्यशोधक विवाह लागला. वधूवरांनी एकमेकांना कळेल अशा भाषेत वचनं द्यायची, ही त्याची पद्धत. आपल्याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आज बौद्ध विवाह बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण, पंचशील आणि प्रतिज्ञा घेऊन लागतात. हिंदू विवाह कायद्याच्या व्याख्येत बौद्ध, जैन आणि शीख येतात, त्यामुळे ही लग्नंही त्याच कायद्याखाली, आपापल्या विधींनी पूर्ण होतात. विवाहाचा कायदा माणसाला न्याय देणारा व्हावा म्हणून कायदामंत्री असताना बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं, ते रखडलं तेव्हा १९५१ मध्ये राजीनामा दिला. १९५५ चा कायदा त्याच प्रयत्नांतून उभा राहिला.

एकच लक्षात ठेवायचं. रूढी म्हणजे समाजात दीर्घकाळ, सातत्याने पाळली गेलेली रीत. वाद झाला तर ती आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर विसंबणाऱ्याची.

## जिथे हा नियम बाईच्या विरुद्ध जातो

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

पहिली बायको हयात असताना नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल आहे आणि तो गुन्हाही आहे. न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत कैद. कागदावर भक्कम. पण हा गुन्हा सिद्ध करायचा तर दुसरं लग्न 'विधीपूर्वक' लागलं हे पहिल्या बायकोने दाखवायचं.

१९६५ चा निकाल आपल्याच राज्यातला आहे. पहिली पत्नी असताना एकाने १९६२ मध्ये दुसरा विवाह केला, गांधर्व पद्धतीने. हार घातले गेले, वाद्यं वाजली, दोघांच्या कपाळाला कपाळ लावलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अग्नीसमोर आवाहन आणि सप्तपदी झालेली नाही, आणि त्याऐवजी एवढंच पुरतं अशी रूढीही सिद्ध झालेली नाही. लग्न झालं असं मानलं जावं या हेतूने काही विधी केले, म्हणून ते कायद्याला मान्य विधी होत नाहीत. दुसरं लग्न सिद्ध झालं नाही आणि आरोपी सुटला. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, न्यायालयाने आणखी सांगितलं की आरोपीने दुसरं लग्न केल्याची कबुली दिली तरी तेवढ्यावर भागत नाही.

फौजदारी कायद्यात कुणाला तुरुंगात पाठवायचं तर पुरावा काटेकोर हवा, हे वकील म्हणून मला मान्य आहे. तरी यातला अन्याय मला रोज टोचतो. दुसरं लग्न कुणी पहिल्या बायकोला पत्रिका पाठवून करत नाही. ते होतं परगावच्या एखाद्या देवळात, चार माणसांत. तिथे तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या का, हे ती कुठून आणणार? माझ्याकडे आलेल्या एका बाईने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला होता. नवरा दुसरीला हार घालतोय, सगळे टाळ्या वाजवतायत. सव्वा मिनिटाचा. होम नाही, पावलं नाहीत. ती मला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ताई, दिसतंय ना सगळं?" सगळं दिसत होतं. कोर्टाला लागणारं तेवढं दिसत नव्हतं.

दिलासा पोटगीच्या बाजूला आहे. पोटगीच्या अर्जात लग्नाचा इतका काटेकोर पुरावा मागायचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे एकाच लग्नाला दोन मोजमापं. उपाशी राहणाऱ्या बाईला भाकरी देताना सैल, नवऱ्याला तुरुंगात टाकताना घट्ट. त्या बाईला पोटगी मिळाली. गुन्ह्याची फिर्याद मात्र टिकली नाही. आणि रद्दबातल लग्नातून झालेली मुलं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरसच मानली जातात. मोठ्यांच्या चुकीचा भार त्यांच्यावर येत नाही.

## या लग्नसराईत

तुमच्या घरी कार्य असेल तर फोटोवाल्याला आधीच बजावून ठेवा की स्टेजवरचे ग्रुप फोटो थांबले तरी चालतील, होम आणि सात पावलं सलग टिपायची. नाशिक ढोलावर नाचणाऱ्या वरातीचा व्हिडिओ असतोच, या दहा मिनिटांचाही असू द्या. संगीत लावून कापलेल्या रीलबरोबर मूळ, न कापलेलं चित्रीकरणही मागून घ्या. कोर्टात मूळ रेकॉर्डिंगला जास्त वजन असतं. तिथे बसलेल्या दोघातिघांची नावं लिहून ठेवा. गुरुजींची सही 'नमुना ड'वर त्याच दिवशी घ्या, नंतर त्यांच्यामागे फिरावं लागतं. आणि पाहुणे म्हणून गेलात तर जेवण दहा मिनिटं लांबवून मांडवात बसा.

हे सगळं ऐकून झाल्यावर मावशी उठली आणि कपाटातून स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढून आणला. काळ्या जाड पानांवर चिकटवलेले, मधे पातळ कागद घातलेले अकरा कृष्णधवल फोटो. आठवा सप्तपदीचा होता. तेव्हा रोल मोजून वापरायचे, तरी तिच्या वडिलांनी एक फोटो त्यासाठी राखून ठेवायला सांगितला होता. मान खाली घातलेली अगदी बारीक मुलगी, शेजारी काकांचं धोतर, आणि जमिनीवर राशी. मावशीने चष्मा पुसून त्या मोजल्या. सहाच दिसत होत्या.

"सातवी माझ्या पायाखाली आहे," ती म्हणाली.